घरातले इंजिनियर

आमच्या थोरल्या दिरांना घरात सगळे ‘इंजिनियर’ म्हणत. चपलांच्या दुकानात पावत्या फाडणाऱ्या माणसाला ही पदवी सासूबाईंनी दिली होती, आणि आईने दिलेली पदवी कुठलं विद्यापीठ काढून घेणार? इस्त्री बिघडो, मिक्सर बिघडो, भाऊजी स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर. वस्तू उघडण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पुन्हा जोडायचं काम वायरमन करायचा. भाऊजी दुकानात गेले की जाऊबाई त्याला गुपचूप बोलावून घ्यायच्या. संध्याकाळी मिक्सर गरगरला की भाऊजी म्हणत, “बघितलंस? माझा हात लागला की चालतंय!”

भिंतीवरचं कपाट ही त्यांची सर्वांत थोर कामगिरी. मेन स्विच पाहुण्यांच्या डोळ्यांना खुपतो, म्हणून त्याच्यापुढेच त्यांनी कपाट ठोकलं. हात घालायला मागच्या फळीत भोक ठेवण्याइतकी दूरदृष्टीही दाखवली. भोकापुढे जाऊबाईंनी काचेचा डिनर सेट मांडला.

त्या रविवारी दुपारी सासूबाई आतल्या खोलीत हीटर लावून पडल्या होत्या. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून आधाराशिवाय त्या उठत नसत. हीटर, फ्रिज आणि इस्त्री या तिघांना पोसणारा एकुलता एक एक्स्टेन्शन बोर्ड त्यांच्या दाराशीच होता. आधी जळका वास आला, मग चटचट, मग बोर्डातून जाळ निघाला आणि दाराच्या पडद्याने पेट घेतला. मी बादली उचलली.

“पाणी नको! करंट आहे त्यात!” भाऊजी ओरडले. “अगं, मेन बंद कर आधी!”

जाऊबाई कपाटाकडे धावल्या आणि एकेक बशी उचलून टेबलावर ठेवू लागल्या.

“काय चाललंय तुझं?”

“सेट आहे हा. एक फुटली की सगळा वाया.”

भाऊजींनी कोपराने अख्खा सेट खाली लोटला आणि भोकात हात घातला. फ्रिजची घरघर थांबली.

इथवर उत्तम. पण मग त्यांनी पक्कड काढली. “प्लग उपटतो. आत्ता होतंय बघा.”

बोर्ड वितळून जमिनीला चिकटला होता, जाळ चौकटीवर चढला होता, आता ओतलेली माझी बादली त्याला पुरली नाही. काळ्या धुराआडून खोकत सासूबाईंनी विचारलं, “झालं का रे, इंजिनियर?”

भाऊजी दोन पावलं पुढे गेले, डोळे चोळत मागे आले. पक्कड हातातच राहिली.

“मला नाही जमणार,” ते म्हणाले. हे वाक्य त्या घराने पहिल्यांदाच ऐकलं. मग माझ्याकडे वळले, “तू अग्निशमन दलाला फोन कर, बाहेर जाऊन. आईला आम्ही तिच्या खोलीच्या अंगणातल्या दाराने काढतो.”

दोघं घराला वळसा घालून गेले. भाऊजींनी आईला पाठीवर घेतलं, जाऊबाईंनी मागून धरलं. पाय बाहेर पडताच, वाऱ्याने आग भडकू नये म्हणून, जाऊबाईंनी ते दार ओढून घेतलं.

बंब आला, आग विझली. चौकट गेली, भिंत काळी झाली. शेजाऱ्यांच्या खुर्चीत बसून सासूबाईंनी जमलेल्या लोकांकडे अभिमानाने पाहिलं. “तूच विझवलीस ना रे?”

“नाही, आई. मला विजेतलं काही कळत नाही.”

“अरे देवा!” सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “आणि लग्न जमवताना मी हिच्या वडिलांना ‘मुलगा इंजिनियर आहे’ म्हणून शपथेवर सांगितलं होतं!”

जाऊबाई पदराने भाऊजींचं काळवंडलेलं तोंड पुसत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.