नखं बघणाऱ्या बाई

समोर आलेल्या माणसाचं तोंड बघायच्या आधी त्या त्याची नखं बघायच्या. "दाखवा," एवढंच म्हणायच्या, आणि समोरचा पोस्टमन असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो की सिलिंडर आणणारा, निमूटपणे दोन्ही हात पालथे करून पुढे धरायचा. खडकीच्या शाळेत उभा जन्म मुलांची नखं तपासण्यात गेल्यावर दुसरं काय होणार म्हणा.

आम्ही दोघी त्याच शाळेत होतो. मी मराठी शिकवायचे, त्या विज्ञान. राहायलाही विश्रांतवाडीत एकाच इमारतीत, त्या वरच्या मजल्यावर, मी खालच्या. शाळेत सगळ्या शिक्षिका एकमेकींना बाईच म्हणतात. निवृत्त झालो तरी आमचं ते सुटलं नाही.

अशी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. जिन्याच्या कठड्याला हात न लावता उतरणारी, लग्नात बुफेचा डाव रुमालाने धरणारी. पण आमच्या बाईंची सर कुणाला येणार नाही. भाचीला बघायला मुलगा आला होता. चांगला इंजिनिअर, पगार उत्तम, दिसायला बरा. बाईंनी पोह्यांची बशी देता देता पाहिलं, तर त्याने करंगळीचं नख वाढवलेलं. पोहे होऊन चहा यायच्या आत त्यांनी निकाल दिला. "ज्याला एक नख कापवत नाही तो संसार काय करणार." मुलीचे वडील हात चोळत बसले. मुलगी मात्र सुटल्यासारखी हसली, हे मी स्वतः पाहिलं.

"मला किळस येते हो." हे वाक्य त्या दिवसातून किती वेळा म्हणायच्या, देव जाणे. भाजीवाल्याने पिशवी उघडायला बोट थुंकीने ओलं केलं की ती भाजी तिथेच राहायची. चौकातल्या कचऱ्याच्या ढिगापाशी त्या श्वास रोखायच्या आणि पलीकडे जाऊन सोडायच्या. खडकीच्या पुलावर बस आली की आधी खिडकी बंद. आणि त्यात त्यांचं काय चुकलं? पुण्यात किळस यायला शोधाशोध करावी लागत नाही. नदीवर पांढरा फेस, फेसावर जलपर्णी, जलपर्णीवर कुणाच्या तरी घरचं निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट. पुलावर गाडी थांबवून, नमस्कार करून, पिशवी भिरकावणारे लोक बघितले की मलाही शिसारी येते. नमस्कार नेमका कशाला करतात, ते मला अजून कळलेलं नाही.

तरी त्या डोक्यात जायच्या, हेही सांगते. माझ्या घरी, माझ्या सोफ्यावर, त्या आपला रुमाल अंथरून बसायच्या. एकदा मी म्हटलं, "बाई, सकाळीच पुसलाय." तर म्हणतात, "तुम्ही पुसलाय, पण फडकं कुणी धुतलं होतं?"

त्यांचा एकुलता एक मुलगा झुरिकजवळ स्थायिक झालेला. यजमान गेल्यापासून बाईंनी इमारतीत जाहीर करून टाकलं होतं, "या उकिरड्यात मी म्हातारपण काढणार नाही. मी मुलाकडे जाणार." नुसतं बोलून थांबल्या नाहीत. पितळेचे डबे, पाटा-वरवंटा, परात, सगळं वाटून टाकलं. माझ्या वाट्याला पुरणयंत्र आलं. मी विचारलं, "मुलाने बोलावलंय का?" तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी नखं वाढली होती.

मग पुण्यातल्याच एका कंपनीची युरोपची सहल आम्ही दोघींनी घेतली. एका खोलीत दोघी. त्या सहलीबद्दल मी लिहीत बसले तर रामायण होईल. बसमध्ये पाय पुढच्या सीटवर टाकून बसणारे काका, हॉटेलच्या किटलीत अंडी उकडणारं जोडपं, आल्प्स दिसत असताना लोणच्याची बाटली फिरवणाऱ्या मावश्या, तेलाचे ओघळ सीटवर. एका गृहस्थांनी संगमरवरी जिन्यावर खाकरून थुंकल्यावर बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पुसा." गृहस्थांना वाटलं थट्टा आहे. बाई हलेनात. शेवटी त्यांनी पुसलं, आणि सहल संपेपर्यंत आमच्याशी बोलले नाहीत.

झुरिकला एक दिवस मोकळा होता. त्या दिवशी मुलगा येणार होता. सकाळी बाई आरशासमोर साडीची पिन लावत होत्या. ठेवणीतली साडी, मोतिया रंगाची. मी म्हटलं, "आज मुलाशी बोलणार ना राहण्याचं?"

"मी नाही बोलणार," त्या म्हणाल्या. "त्याने तोंडाने म्हटलं पाहिजे, आई, इथेच राहा. एकदा म्हणू दे, मग मी सगळं बघते. पण न बोलावता कुठे जायची मला सवय नाही."

म्हणजे डबे वाटून झाले होते आणि आमंत्रण यायचं होतं. मला तर कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

चिरंजीव आले. उंच, सुगंधी, नखं स्वच्छ. बाईंनी आधी तेच पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. आम्हाला घरी नेण्याचा त्यांचा विचार दिसला नाही. घरी म्हणे रंगकाम चालू होतं, सूनबाईंना रजा नव्हती. त्याऐवजी त्यांनी बसची एक दिवसाची सहल काढली होती, गाइडसकट. लिश्टनस्टाइन नावाचा डोंगरातला देश. देश कसला, विश्रांतवाडीहून खडकवासल्याला जा, तेवढ्यात संपतो. आई एवढ्या लांबून येते आणि मुलगा तिला घर सोडून दुसरा देश दाखवतो. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली, पण बाई केव्हाच बसकडे निघाल्या होत्या.

एक पूल आला. गाइड म्हणाली, नदीच्या पलीकडे दुसरा देश सुरू. ना फाटक, ना पोलीस. खडकीच्या पुलावर खिडकी लावणाऱ्या बाईंनी इथे काचेला नाक टेकवलं. "तळ दिसतोय हो," त्या म्हणाल्या. मग राजधानीत उतरलो, तर त्या रस्त्याच्या कडेकडेने, भिंतींचे कोपरे बघत चालल्या. सगळे वर राजाचा किल्ला बघत होते आणि आमच्या बाई कोपरे. "कुठेच पिंक नाही," मला हळूच म्हणाल्या. "मी सगळे कोपरे बघितले."

त्या दिवशी त्या एकदाही किळस आली म्हणाल्या नाहीत. मुलाच्या बाजूने चालत होत्या, त्याच्याइतक्या झपझप, गुडघे दुखत असूनही. "मला थंडी वाजत नाही," "मला चालणं आवडतं," "मला इथलं सगळं आवडतं." मुलाने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत होत्या. मुलगा फोनवर काहीतरी बघत "हं, हं" करत होता.

दुपारी जेवायला त्याने वितळलेल्या चीजचं काहीतरी मागवलं. एका मोठ्या भांड्यात पिवळा रटरटणारा गोळा, त्यात पावाचा तुकडा बुडवायचा, आणि सगळ्यांनी त्याच भांड्यात. वास सांगायचा तर पावसात भिजलेल्या मोज्यांचा. मी एक घास घेतला आणि पाणी प्यायले. आणि बाई, ज्या शाळेत स्वतःचा पेला कुलपात ठेवायच्या, त्या त्या सामायिक भांड्यात पाव बुडवत होत्या. "आई, खा ना, इथली खासियत आहे," मुलगा म्हणाला, की आणखी एक. मला माहीत होतं त्यांना प्रत्येक घास गिळताना काय होत असेल. त्यांनी भांडं संपवलं. "जमेल मला," त्या म्हणाल्या. मुलाला ते कळलं की नाही, कोण जाणे.

जेवणानंतर बस वर डोंगरातल्या एका गावाकडे निघाली. वळणावर वळणं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "बस थांबवायला सांगू का?" त्यांनी मानेनेच नको म्हटलं, मुलाकडे डोळ्याने खूण करून. पुढच्या वळणाला सगळं बाहेर आलं. मोतिया साडीवर, सीटवर, खाली मधल्या वाटेवर, आणि थोडंसं चिरंजिवांच्या कोटाच्या बाहीवर.

आता नीट ऐका. चिरंजीव ताडकन उठले. दुसरी बाही नाकाला लावली. "आई, काय हे. आधी सांगायचं नाही का?" एवढं म्हणून ते पुढे गेले आणि माफी मागायला लागले. ड्रायव्हरची मागितली. गाइडची मागितली. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या जोडप्याची मागितली, मागच्या जपानी मुलींची मागितली. सॉरी, सॉरी, सॉरी. सगळी बस झाली, आणि आईला एका शब्दाने विचारलं नाही की बरं वाटतंय का. विचारलं ते त्या परक्या गाइडने. ती पाणी घेऊन आली, बाईंच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बाईंनी पाणी बाजूला ठेवलं. "तुम्ही बाजूला व्हा," मला म्हणाल्या. "तुम्हाला लागेल." आणि कागदी रुमाल मागून, त्या वयात, त्या हलत्या बसमध्ये खाली बसून स्वतः पुसायला लागल्या.

मला आमच्या शाळेतली प्रार्थना आठवली. पहिलीतली एखादी पोर उन्हात उभी राहून ओकायची. आम्ही सगळ्या शिक्षिका पदर नाकाला लावून दोन पावलं मागे, आणि शिपाईमामांना हाक. बाई एकट्या पुढे जायच्या. त्या पोरीचं तोंड आपल्या हाताने पुसायच्या, फ्रॉक धुवायच्या, तिला मांडीवर घेऊन बसायच्या. मी एकदा विचारलं होतं, "तुम्हाला याची नाही का येत किळस?" म्हणाल्या, "याची कसली? तिने काय मुद्दाम केलंय का?"

मी खाली बसले आणि माझ्या ओढणीने त्यांचं तोंड पुसलं. किळस आली का? आली ना, खोटं कशाला बोलू. पण बाही झटकत उभ्या असलेल्या त्या चिरंजिवांकडे बघून आली, त्याच्या निम्मीही नाही. त्यांची आलेली अजून गेलेली नाही.

संध्याकाळी त्याने आम्हाला हॉटेलपाशी सोडलं. बाई माझ्या स्वेटरमध्ये होत्या. दार आपोआप उघडणारं, काचेचं. बाई त्याच्या मधोमध थांबल्या, त्यामुळे ते मिटेना. मुलगा म्हणाला, "आराम कर आई. पुढच्या वेळी आलीस की नीट फिरू." बाई अजून थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, "घरी पोचलास की मेसेज कर," आणि आत आल्या.

पुण्यात परत आल्यावर जिन्यात सगळे विचारायचे, "काय बाई, कधी निघणार कायमचं?" त्या सरळ सांगायच्या, "फार स्वच्छ आहे हो तो देश. तिथे माणसाने आजारी कुठे पडायचं?" लोक हसायचे. त्यांना वाटायचं बाईंचा नेहमीचा तिरकसपणा. मी पुरणयंत्र परत द्यायला गेले तर घेईनात. म्हणाल्या, "तुम्ही पुरण करा आणि मला वाटीभर पाठवा." माझ्या हातचं खाणार, असं त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या.

त्यानंतर फार काळ त्या राहिल्या नाहीत. अंथरुणाला खिळल्या तेव्हा इमारतीतल्या आम्ही बायकांनी आळीपाळीने केलं. अंग पुसणं, कपडे बदलणं, सगळं. बाई डोळे मिटून पडायच्या, एकदाच म्हणाल्या, "तुम्हाला किळस येत असेल." मी म्हटलं, "तुम्ही काय मुद्दाम करताय का?" त्यावर हसल्या. मुलगा फोनवर दिसायचा. "काकू, काही लागलं तर सांगा हं." काय लागतं ते अशा माणसाला काय सांगणार.

सगळं आटोपल्यावर तो आला. आईच्या घरी उतरला नाही, विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरला. आधी घराची साफसफाई करायला एजन्सीची माणसं पाठवली, तोंडाला मास्क, हातात मोजे, फवारायचे पंप. विश्रांतवाडीतल्या सगळ्यात स्वच्छ घरावर दिवसभर औषध फवारलं. त्यांचा मुकादम खाली माझ्याकडे पाणी प्यायला आला, म्हणाला, "मावशी, तिथे काढायला काही नाहीच ओ." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जायच्या आदल्या दिवशी चिरंजीव माझ्या दारात आले. आईचं केलंत, फार उपकार झाले, वगैरे. डोळे ओले होते, नाही असं नाही. काय करावं सुचत नसल्यासारखे घुटमळले. मग, माणूस निघताना काहीतरी बोलायचं म्हणून बोलतो ना, तसं सहज म्हणाले,

"काकू, या ना तुम्ही आमच्याकडे. चांगल्या महिनाभर राहायलाच या."

इतकं सोपं होतं ते वाक्य. अडखळला नाही, विचार करावा लागला नाही. त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून, दुखऱ्या गुडघ्यांनी चालून, ते घाणेरडं भांडं चाटूनपुसून ती बाई एवढंच ऐकायला थांबली होती.

मी त्याला आत ये म्हटलं नाही. दार लावून घेतलं.