बढतीचे पेढे

“नो प्रॉब्लेम, वन्स अगेन.” भिंतीपलीकडून हे वाक्य आठवडाभर भरदिवसा ऐकू येत होतं. एरवी आमचा हा शेजारी रात्रपाळीचा माणूस. साताऱ्यात घरी बसून अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणारा. आता दिवसा बोलतोय, कुणाला तरी शिकवतोय, म्हणजे साहेब झाला! माझ्या तर्कबुद्धीवर माझा फार विश्वास. पाव किलो कंदी पेढे घेऊन मी दार वाजवलं.

त्यानं पेढा तोंडात टाकला आणि मग म्हणाला, “बढती कसली काका! माझं काम फिलिपिन्सला चाललंय. तिथल्या पोरीला शिकवतोय. तिला जमलं की मी मोकळा.”

हातातल्या पुड्याचं काय करावं ते मला सुचेना.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पुण्यातली नोकरी सोडून, घरून करायचं हे काम त्यानं धरलं ते वडिलांसाठी. वडील निवृत्त सुभेदार. उजवं अंग लुळं पडलेलं. हेडफोन गळ्यात तसाच ठेवून हा त्यांना उचलायचा, खिडकीशी खुर्चीत बसवायचा. “चला सुभेदारसाब, चौकीवर!” म्हातारा डाव्या हातानं सलाम ठोकायचा.

आता दुसरी नोकरी मिळत होती ती बेंगळुरूला.

मी अक्कल पाजळली. “अरे, एखादी खुबी राखून ठेव की. अडलं म्हणजे तुलाच बोलावतील.”

“आवं काका, हे काम माझ्या आधी अमेरिकेतलाच एक म्हातारा करायचा. त्याचं काढून मला दिलं. तीन महिने त्यानंच मला शिकवलं, कायबी लपवलं न्हाई. लय लाज वाटायची मला. आता मी कसं लपवू?”

लॅपटॉपमधून ती पोरगी काहीतरी विचारत होती. “नो प्रॉब्लेम,” म्हणत तो वळला.

महिन्याभरात ती तयार झाली. सुभेदारांना सांगलीला, त्याच्या बहिणीकडे ठेवायचं ठरलं. जिन्यावरून उतरवताना त्यानं खांदे धरले, मी पाय. दम मात्र मलाच लागला. “आराम से, जवान,” सुभेदारांनी मला हुकूम सोडला. त्यांना पोचवून तो तसाच पुढं बेंगळुरूला जाणार होता. गाडीत बसताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

वर आलो तर बायको खिडकीशी उभी. म्हणाली, “बहीण चांगलीच आहे हो. पण सुभेदार लेकीच्या हातून अंघोळ घालून घेतील?”