पिलू व्हायच्या आधीचं दूध

आमच्या घरी वरातीची घोडी हाये, कुडवा गावात. आमचे हे तिले लग्नात नेतात, त्याच्यावरच घर चालते. तवा ती गाभण होती अन् माह्या मांडीवर तान्हं पोरगं.

सकाळी पाणी पाजाले गेली तं तिच्या थानातून दूध टपकून राहिलं होतं, मागचे पाय पांढरे झालेले. मी धावतच सासूले सांगतलं. सासू एकदम खुश, घोडीले हळद-कुंकू लावलं अन् मले म्हणे, "पाह्य वो, पिलू नाई तं इले दूध! तुले लेकरू झालं तरी थेंबासाठी रडवलं त्याले." शेजारच्या बाया हासल्या. मीही हासली, काय करू.

मंग रोजच गळे. डाक्टरले कोणी बलावलं नाई. कायले बलावतील, दूध म्हणजे चांगलंच ना?

पिलू झालं, लाल, उभंही राहिलं, पेलंही. मले वाटलं, सुटली बिचारी. दुसऱ्या दिवशी पिलू बसलं ते उठेच ना. ढोराचे डाक्टर आले, थान दाबून पाह्यलं.

"पयले गळत होतं का?"

"हो, लय," सासू म्हणे.

डाक्टरनं थान सोडलं. मंग म्हणे, "हिच्या पोटात काही बिघडलं असन, हार्मोन वेळेआधीच बदलले. दुधात कॅल्शियम वाढलं म्हणजे घोडी व्याले आली समजाचं. हिचं आधीच वाढलं, दूध सुटलं. पयल्या घट्ट दुधातच पिलाची रोगाशी लढाची ताकत राहते, ते मातीत गेलं."

"पण आता तं भरपूर हाये ना, साहेब?"

"हाये. कामाचं होतं ते गेलं."

त्यायनं पिलाले सलाईन लावली. आमच्या ह्यायनं त्याचं डोकं मांडीवर धरलं. मले धाकच भरला, माह्या पोरानं पयलं दूध किती पेलं, आठवेच ना. लाजत लाजत इचारलंच.

डाक्टर म्हणे, "माणसाच्या लेकराले आईच्या पोटातूनच थोडी ताकत भेटते, बाई. घोडीच्या पिलाले नाई. तुमचा तं पहा कसा रट्ट, गुटगुटीत हाये."

मले बरं वाटलं, अन् बरं वाटलं म्हणून लाज वाटली, कारण पिलू समोरच धापा टाकून राहिलं होतं.

दुपारी ते गेलं. हे त्याले उचलून शेताकडं घेऊन गेले. घोडी दावं ताणून वरडे, थानं टच्च भरलेली. तेवढ्यात पोरगं भुकेनं उठलं. घोडीच्या समोर त्याले पाजाची माह्यी हिंमतच झाली नाई. आत जाऊन दार लावलं. पोरगं पेत होतं, बाहेर घोडी वरडत होती, अन् मी दोघायलेही आयकत बसली.