कर्लीमास्तरांची नऊ पानं

कर्लीमास्तरांना माणूस आवडला की ते त्याला मूर्ख म्हणत. आवडला नाही तर साहेब म्हणत. मला ते शेवटपर्यंत मूर्खच म्हणाले. कर्ली हे नाव पोरांनी ठेवलेलं. कर्ली हा मासा चवीचा, पण घासागणिक काटे. मालवणजवळच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी गणित.

दोन हजारच्या सुमारास शाळेला एक कॉम्प्युटर देणगीत मिळाला. मुख्याध्यापकांनी त्याला हार घातला, वर टेबलक्लॉथ पांघरला आणि खोलीला कुलूप लावलं. मास्तर म्हणाले, "आता सांजवात लावा म्हणजे झाला." मग त्यांनी भांडून किल्ली मिळवली आणि त्यात लिनक्स ही फुकटची प्रणाली घातली. तिची माहिती सगळी इंग्रजीत, म्हणून पोरांसाठी मराठीत पुस्तक लिहायला बसले. त्यात चार वर्षं गेली. फाईल पुसण्याच्या धड्यात त्यांचं वाक्य आहे, 'पुसण्याआधी विचार करावा. विचाराची सवय नसल्यास पुसू नये.'

पुस्तक कोणीही छापावं, वाटावं, सुधारावं असं त्यांना वाटे. हक्क राखून ठेवा, असं मी सुचवलं, तर म्हणाले, "तिरफळांच्या आमटीचे हक्क कोणी राखून ठेवलेले काय रे?" आठवडाभर सायबर कॅफेत बसून त्यांनी मुक्त परवाने वाचून काढले. एका परवान्यात सोय होती की पुस्तक कोणीही बदलावं, पण लेखकाने ठरवलेला एखादा भाग प्रत्येक प्रतीत जसाच्या तसा राहील. दुसरा कोणी असता तर त्याने तिथे आईवडिलांना अर्पणपत्रिका लिहिली असती. मास्तरांनी नऊ पानांची प्रस्तावना लिहिली. त्यात हार घालणारे मुख्याध्यापक होते, माऊसला हात लावायला मुहूर्त विचारणारे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष होते, आणि मीही होतो, 'संगणक चुका दाखवतो म्हणून त्याला भिणारे गणिताचे शिक्षक.' हे काढा म्हणून मी हात जोडले. ते म्हणाले, "मूर्खा, पुस्तक बदलतला. ही माणसां बदलूची नाय."

पुढे सावंतवाडीची एक संस्था ते पुस्तक जिल्ह्यातल्या शाळांसाठी छापायला तयार झाली. अट एकच, ती नऊ पानं नकोत. मास्तरांनी पोस्टकार्डावर उत्तर दिलं, 'साहेब, नमस्कार.' पुढे काहीच नाही. संस्थेने नाद सोडला आणि पोरं पुस्तकाविना राहिली. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, तो असा. मला त्याचा आजही राग येतो. तेव्हा तर मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं, आणि ते पुन्हा सुरू करायच्या आत मास्तर गेले.

वर्षभराने संस्थेने पुन्हा विचारलं. तो राखलेला भाग काढायचा हक्क परवान्याप्रमाणे फक्त लेखकाचा, आणि तो आता मास्तरांच्या पत्नीकडे, वहिनींकडे आला होता. त्यांनी सही दिली तरच ती पानं गाळता येणार होती. मी कागद घेऊन गेलो, तर त्यांनी मला आधी नऊच्या नऊ पानं मोठ्याने वाचायला लावली. माझ्यावरचं वाक्य आलं तेव्हा मी अडखळलो. त्यांनी ते पुन्हा वाचून घेतलं आणि डोळ्यांना पदर लागेपर्यंत हसल्या.

मग त्यांनी पेन मागितलं.

"काढून टाका, भावजीनू. पोरांका शिकूक व्हया," सही करत त्या म्हणाल्या. "तेंच्यो गाळी माका पाठ आसत."