मापाच्या दिवशी धुतलेली गाडी

आमच्या घरात खोटं कोणी बोलत नसे, पण डॉक्टरसमोर सगळे नटत. डायलिसिसच्या आधी वजनकाट्यावर चढताना माय चपला, शाल, हातातल्या बांगड्यासुद्धा काढून माझ्याकडे द्यायची. वजन जास्त भरलं की पाणी जास्त प्यायलं म्हणून सिस्टर रागवायची, त्याची ही तयारी. "ते तुह्याच भल्यासाठी मोजतात ना व, माय," मी चिडायचे. ती श्वास रोखून काट्याकडे बघत राहायची.

गंमत म्हणजे हीच माय जन्मभर ब्लाऊज शिवायची, आणि मापाला आलेल्या पोरींना दटावायची, "पोट आत नको ओढू व, माप खोटं येते."

आर्णीहून यवतमाळला तिला मंगळवारी आणि शुक्रवारी न्यावं लागे. एसटीच्या गर्दीत तिला बसवत नव्हतं, म्हणून सगळी भिस्त दादाच्या गाडीवर. जुनी टर्बो डिझेल गाडी, मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम', टपावर लोखंडी कॅरियर. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंड वरून हिरवंगार, आत अळीनं पोखरलेलं. भाड्याच्या बऱ्याच गाड्या बंद पडल्या होत्या, त्यामुळे दादाच्या गाडीत माय आणि मी, सोबत चार-पाच सवाऱ्या, टपावर कोणाची तरी कापसाची गाठोडी, कधी फवारणीचं विष अंगात भिनलेला माणूस मधल्या सीटवर आडवा, असा सगळा बाजार असे.

आणि ही गाडी यवतमाळच्या अलीकडच्या घाटाच्या चढावर हटकून बसायची. आधीच्या मालकानं हौसेनं तिच्या कॉम्प्युटरमध्ये शर्यतीची सेटिंग भरून ठेवली होती. भरल्या गाडीनिशी चढ आला की टर्बो नको तेवढी हवा कोंबायचा, मग कॉम्प्युटरच घाबरून इंजिनाचा जोर काढून घ्यायचा. गाडी बंद करा, थांबा, पुन्हा चालू करा. असं करत पोचायला उशीर झाला आणि दोनदा मायचा मशीनवरचा नंबर हुकला. दुसऱ्यांदा हुकला त्या रात्री ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या श्वासासाठी धडपडत होती, आणि बाबा, दादा, मी, आम्ही तिघं नुसते बघत होतो. तिसऱ्यांदा नंबर हुकला तर ती जगायची नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दादानं नागपूरचा एक सेटिंगवाला शोधला. त्यानं फोनवर दोन रस्ते सांगितले. एक रेडीमेड फाईल: त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांना चालते, जोर बेताचा, पण इंजिनाला धोका नाही. दुसरी कस्टम: तो वायर जोडून गाडीत बसणार, आमच्याच रस्त्यावर ती कशी ओढते ते पाहणार आणि तिच्या अंगाची सेटिंग लिहिणार.

मी म्हटलं, रेडीमेड टाका. जे इतक्या गाड्यांना चालतं ते आपल्याला न चालायला काय झालं? बाबा उसळले. "जिंदगीभर दुसऱ्याच्या मापाचं घातलं आपण. आता एक तरी चीज आपल्या मापाची होऊ दे." दादाही तेच म्हणाला. शेवटी सगळ्यांनी मायकडे पाहिलं. ती खाटेवरूनच म्हणाली, "शिवलेलं ते शिवलेलं. मापाचंच करा." संपलं. शिंपिणीच्या घरात आणखी काय होणार?

सेटिंगवाल्यानं बजावलं होतं, "रोज जशी चालवता, तशीच आणा. काही करू नका." पण आमच्याकडे पाहुणा 'काही करू नका' म्हणाला की आपण पोहे टाकतोच. एका शुक्रवारी माय मशीनवर होती, मी तिच्या उशाशी. तेवढ्या वेळात दादानं आणि बाबांनी गाडी धुतली, घासली, कॅरियर खोलून यवतमाळच्या मावशीच्या अंगणात ठेवलं, मागची सीट काढली, मोठ्या पंपावरचं चांगलं डिझेल भरलं. पोरगी दाखवायला काढावी तशी नटवली. मग सेटिंगवाला आणि दादा, दोघंच, त्या चढावर खालीवर फिरून आले. सेटिंगवाला गाडीवर फार खूष झाला म्हणे.

संध्याकाळी ती चकचकीत गाडी पाहून मला वजनकाट्यावरची माय आठवली. पण दादा इतका आनंदात होता! आणि माय कित्येक दिवसांनी हसत होती.

मंगळवारी मावशीकडून आणलेली सीट परत बसली, कॅरियर चढलं, गाठोडी चढली, सवाऱ्या बसल्या. आणि त्याच चढावर गाडीचा जोर गेला. दादानं बंद केली, चालू केली. पुन्हा तेच. मायचे ओठ काळसर दिसायला लागले होते. दादा स्टीअरिंगवर डोकं आपटत होता, "काहून असं करून राह्यली व तू!" मायनं माझा हात ओढला आणि दम लागत लागत विचारलं, "मापाच्या दिवशी इच्यात कोण कोण होतं?"

मी सांगितलं, दोघंच, अन् गाडी रिकामी. तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "उतरवा सगळ्याईले."

सवाऱ्या उतरल्या. गाठोडी रस्त्याकडेला फेकली. स्टेपनी काढली, मागची सीट काढली. "बाई, तूबी उतर," दादा म्हणाला. मी उतरले. गाडी खरंच वाऱ्यासारखी वर गेली, आणि मी रस्त्याकडेला कापसाच्या गाठोड्यावर बसून हुंदके देत राहिले. नंबर मिळाला त्या दिवशी.

सेटिंगवाल्यानं पुन्हा बोलावलं होतं, भरलेली गाडी घेऊन. पण दादाच्या मनानं घेतलं होतं की आता हात लावायचा नाही. जशी मापाला उभी होती तशीच न्यायची: कॅरियर नाही, मागची सीट नाही, सवारी नाही, मी नाही. माझ्या एकटीच्या वजनानं गाडी अडली नसती हे त्याला कळत होतं, मलाही. मी भांडले, रडले, दारात आडवी उभी राहिले. पण "अन् अडली तर?" एवढंच तो विचारायचा, आणि मी दारातून बाजूला व्हायचे. आधी येताना मायचं डोकं माझ्या मांडीवर असायचं, डायलिसिसनंतर तिचा बीपी सारखा उतरायचा, मी तिला बोलतं ठेवायचे. आता ती मधल्या सीटवर एकटीच आडवी होऊन यायची.

एका शुक्रवारी गाडी दारात थांबली. दादानं पुढूनच हाक मारली, "माय, घर आलं." मी दार उघडलं. शाल गुंडाळून तिनं उशाला घेतली होती. हात थंडगार होता, कधीपासून थंड होता ते दादाला सांगता येईना. तो वाटभर आपला समोरचा रस्ता बघत आला होता.

मला ती गाडी दगडांनी फोडावीशी वाटली. दादा दाराला धरून उभा होता आणि जमलेल्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होता, "आज घाटात एकदाबी नाई अडली हो. एकदाबी नाई."