सदूभाऊंनी उघडलेले डोळे

सदूभाऊ आपल्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढत. सीताबर्डीच्या एका बोळातला तो फोटो स्टुडिओ. पुढे एक लाकडी खुर्ची, खुर्चीमागे बर्फाच्या डोंगरांचा रंगवलेला पडदा आणि पडद्याआड ही खोली. नवं गिऱ्हाईक चपला पाहून देवघर समजायचं आणि हात जोडायचं. सदूभाऊ हसत नसत. म्हणत, "जोडा, जोडा. अंदर कोनी ना कोनी असतेच."

आत असत गेलेली माणसं. साठ-सत्तरच्या त्या काळात घरोघरी कॅमेरे नव्हते. कित्येकांचा आयुष्यातला पहिला फोटो प्राण गेल्यावरच निघे. पाटावर बसवायचं, गंध लावायचं, मागून कोणी तरी धरून ठेवायचं आणि फोटो काढायचा. मग सदूभाऊ त्या फोटोतून धरणाऱ्याचे हात पुसून टाकत आणि मिटलेल्या पापण्यांवर बारीक ब्रशने उघडे डोळे काढत. नागपुरातल्या किती तरी भिंतींवरून त्यांनी काढलेले डोळे लोकांकडे पाहत असत.

त्यांचे वडील चितारओळीत गणपती करायचे. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी, आंघोळ करून, उपाशीपोटी उघडायचे, हा त्या घरचा नेम. सदूभाऊंनी तो फोटोंनाही लावला. डोळ्यांचं काम असलं की दुपार टळली तरी त्यांच्या पोटात चहासुद्धा नसे. मी विचारलं तर म्हणाले, "बापाचं सारं देवात चालत होतं. मी मानसात हात घातला. थोडं भेव ठेवलेलं बरं असते गा."

मी त्यांच्या माडीवर भाडेकरू होतो. नुकताच कारकून झालो होतो, त्यामुळे जगातलं सगळं मला कळत होतं. मी त्यांना समजावून सांगायचो, "सदूभाऊ, हा कागद आहे. त्यावर काळा रंग. यात पापपुण्य कुठून आलं?"

"गनपतीचे डोळे उघडले का तो पूजा घेते, अन् मंग पान्यात जाते," ते म्हणायचे. "मानसाचे उघडले त तो काय घेईन? अन् जाईन कुठं?"

यावर मी चहा मागायचो.

एक गोष्ट मात्र ते कधीच करत नसत. कोवळ्या पोरांचे डोळे उघडत नसत. कोणी कितीही रडलं तरी फोटो परत करत. "म्हाताऱ्याचं पाहून झालं असते. तो भितीवर गुमान बसते. पोराचं सारंच पाहाचं राह्यलं असते, बाई," असं एका आईला सांगताना मी ऐकलं आहे.

हा नेम मोडला तो आमच्यासाठी.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, खापरखेड्याला वीज केंद्राच्या कॉलनीत राहायची. तिचा एकुलता एक दिलीप मॅट्रिकच्या वर्षी टायफॉइडने गेला. फोटो एकच, गेल्यावर काढलेला. भाऊजी तो फोटो घेऊन सदूभाऊंच्या पायरीवर येऊन बसले. सदूभाऊ नाही म्हणाले. रात्र होईपर्यंत भाऊजी उठले नाहीत, जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसेच येऊन बसले. संध्याकाळी सदूभाऊ बाहेर आले आणि त्यांनी हळूच विचारलं, "कसे होते पोराचे डोळे?"

भाऊजींनी माझ्याकडे बोट केलं. "याच्यासारखे. पोरगा मामावर गेला होता."

सदूभाऊंनी मला खिडकीपाशी बसवलं. माझ्या रूपाचा कोणाला काही उपयोग व्हावा अशी ती पहिलीच वेळ होती, त्यामुळे मी जरा ताठच बसलो. ते बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "असा शहान्यासारखा नको पाहू. आईकडे पाह्यल्यासारखा पाह्य." मला ते जमलं असावं. कारण फोटो खापरखेड्याला गेला आणि अक्का पहिल्यांदा पोटभर जेवली, असा निरोप आला.

पुढे निरोप बदलत गेले. अक्का आधी फोटोपुढे ताट ठेवते. खोलीतला दिवा मालवू देत नाही. दिवसभराचं सगळं त्याला सांगते, शेजारणींच्या भांडणांसकट. मी भेटायला गेलो तर मला म्हणाली, "तू त्याच्या समोर नको बसू रे. तू आला का तो माह्याकडे पाहतच नाही."

मी हसण्यावारी नेलं आणि परतीच्या बसमध्ये खिडकीच्या काचेत पाहायचं टाळलं. त्यानंतर सकाळी दाढी करायला आरसा लावला की त्यातून दिलीप पाहायचा. मी डोळे मिटून दाढी करू लागलो. हनुवटीवरचे व्रण अजून आहेत. ऑफिसात मांजराचं नाव सांगत असे.

मग वर्षश्राद्ध आलं आणि अक्का ते घालू देईना. "जागा हाये तो," तिने भाऊजींना सांगितलं. "तुम्ही खुशाल पिंड ठेवाल. तो पाहीन तवा त्याले काय वाटन?" भाऊजी पुन्हा त्याच पायरीवर येऊन बसले. हात जोडून म्हणाले, "सदूभाऊ, मिटून द्या ते डोळे. पोरगं फोटोत अडकलं अन् बायको फोटोपुढं."

"मले उघडता येते," सदूभाऊ म्हणाले. "मिटता येत नाही. बाप हजारो गनपतीयचे डोळे उघडत होता, एकाचेही मिटताना नाही पाह्यला. देवाले घरच्यायनंच पान्यात सोडा लागते." मग ते चपला घालून आमच्यासोबत बसमध्ये बसले.

श्राद्धाचे महाराज व्हरांड्यात खोळंबले होते. अक्का तांदूळ धुवायचे सोडून फोटोखाली पदर खोचून उभी होती, कोणी उतरवायला आलं तर हात धरीन अशी. सदूभाऊंनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.

"बाई, हे डोळे मी काढले."

"मालूम हाये. तुमचे उपकार हायेत, भाऊ."

"उपकार नोका म्हनू. मी तुमचा दिलीप कधी पाह्यलाच नाही." त्यांनी माझ्या पाठीला हात लावून मला पुढे केलं. "हे त्याचे नाहीत. याचे हायेत. याले खिडकीत बसवून काढले. जे कोनी तुमच्याकडं पाहून राह्यलं होतं ना, ते हा होता."

अक्काने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या जवळ आली. एवढ्या जवळ की तिच्या डोळ्यांत मला मीच दिसत होतो.

"मंग तुले ऐकू आलं काय रे?" तिने विचारलं. "मी सालभर जे बोलली, ते?"

हो म्हणावंसं फार वाटलं. मी सदूभाऊंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"नाही, अक्का," मी म्हणालो.

"म्हंजे कोनीच नाही ऐकलं."

अक्का माझ्या चेहऱ्याकडे पाहतच राहिली आणि मग अगदी साध्या आवाजात, आंघोळीला बसवलेल्या पोराला सांगावं तसं म्हणाली, "डोळे मिट."

मी मिटले. तिने माझ्या कपाळावर तळहात टेकवला आणि तो हळूहळू खाली आणला, भुवयांवरून पापण्यांवर. गेलेल्याचे डोळे मिटतो तसा. हात ओला होता, त्याला ओल्या तांदळाचा वास येत होता. तो तिथेच राहिला. मग निघाला. बांगड्या वाजल्या, पावलं आत गेली आणि स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "महाराज, तीळ पांढरे का काळे?"

डोळे उघडायचा मला धीर होईना. उघडले तर समोर कोण असेल आणि पाहणारा कोण असेल, हे त्या क्षणी मला खरोखर माहीत नव्हतं. हाताशी भिंतही लागत नव्हती.

मग कानाशी सदूभाऊंचा आवाज आला.

"उघड गा आता. तुहेच हायेत."