पट्ट्यावरची चीर

पहिली चीर मला दिसली नाही, अंगठ्याला लागली. सकाळी दुकान उघडलं की मी देवाला उदबत्ती लावतो आणि मग भिंतीवरच्या कातडी पट्ट्यावरून हात फिरवतो. या पट्ट्यावर वस्तरा परजायचा, म्हणजे खालीवर ओढून त्याची धार सरळ आणि मऊ करायची. चांगला पट्टा हाताला म्हशीच्या कानामागच्या कातड्यासारखा लागतो. त्या दिवशी खालच्या टोकाजवळ अंगठा अडकला. तांदळाच्या दाण्याएवढी चीर होती, कड वर आलेली.

पट्ट्यावर चीर पडते ती एकाच चुकीनं. वस्तरा ओढून टोकाला आला की त्याची पाठ कातड्यावर टेकलेली ठेवून तो उलटायचा. नवशिका घाई करतो, वस्तरा पाठीऐवजी धारेवर उलटतो आणि धार कातड्यात शिरते. आमचे वडील म्हणायचे, "पट्टा मुका असतोय, म्हणून चूक आधी त्याच्या अंगावर निघती. फुडची माणसाच्या गळ्यावर निघंल." पण आमच्या दुकानात नवशिका होताच कोण? दोन खुर्च्या, एक माझी, एक थोरल्या भावाची. त्याला सगळी गल्ली आण्णा म्हणते. दोन खुर्च्यांच्या मध्ये भिंतीवर एक पट्टा, आणि दोघांचे मिळून इतके दाढी केलेले गळे की हिशेब देवालाच ठाऊक.

"आण्णा, ही चीर कुणी पाडली?" मी विचारलं.

"मी न्हाय."

"मग काय उंदरानं वस्तरा परजला?"

आण्णानं बारीक पॉलिश पेपर घेतला आणि चिरेची कड घासून सपाट करून ठेवली.

आता वस्तऱ्याची दाढी उरली आहे तरी किती! नवी पोरं ब्लेडच मागतात, आणि ते बरंच आहे. पण काही जुनी गिऱ्हाइकं हट्टी. प्रत्येकाचा स्वतःचा वस्तरा आमच्या कपाटांत वेगळ्या डबीत ठेवलेला. त्यातले सगळ्यांत हट्टी म्हणजे कळंब्याहून बसनं येणारे एक निवृत्त मास्तर. त्यांच्या हृदयाचं काहीतरी झालं होतं, तेव्हापासून रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, जरा कापलं तरी रक्त थांबायचं नाही, घरी मशीननं दाढी करा. मास्तर येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डॉक्टर बदलंन, न्हावी बदलनार न्हाय." मग मान मागं टाकून, गळा वर करून डोळे मिटले. दर वेळी ते असेच झोपायचे. माझ्या हातावर भरवसा ठेवून एक माणूस झोपतो याचा मला फार अभिमान होता, कबूल करायला लाज कसली.

पावसाळ्यात दुसरी चीर पडली, मग तिसरी. मी आधी पावसाला शिव्या घातल्या. आमच्याकडं श्रावणात चपलेलासुद्धा मिशा फुटतात. पट्टा भिंतीला टेकू न देता लोंबता ठेवावा लागतो, रोज कोरड्या फडक्यानं पुसावा लागतो आणि उन्हात चुकूनही टाकायचा नसतो, नाहीतर पापडासारखा होतो. हे सगळं मी करत होतो, तरी चिरा पडत होत्या. म्हणजे कातडंच खराब, असं मी ठरवलं. आजकाल कशात काय राहिलंय, जनावरं खाद्यावर फुगवतात, कातडं घाईत कमावतात, असं मी दुकानभर बडबडत होतो. आण्णा गिऱ्हाइकाच्या केसांत कात्री चालवता चालवता म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." तो स्वतःबद्दलच बोलतोय असं मला वाटलं. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला, कबूल करायची ही त्याची रीत असेल.

मी चप्पल लाईनीतल्या ओळखीच्या कातड्याच्या दुकानात गेलो आणि नवा पट्टा निवडला. निवडायचं मला कळतं. म्हशीचं कातडं घ्यायचं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं, आणि तेही पाठीचं. पोटाचं कातडं मऊ लागतं, पण चार महिन्यांत लांबतं आणि मग वस्तरा त्यात बुडतो. नखानं दाबून बघायचं, खूण हळूहळू भरून आली पाहिजे. वाकवून बघायचं, रेषा फुटता कामा नयेत. वास घ्यायचा, औषधाचा वास आला तर पट्टा तिथंच ठेवायचा. मी सहा पट्टे बाजूला काढून सातवा घेतला. दुकानदार म्हणाला, "पावणं, सून बघाय आलाय का काय?"

तो पट्टा मी माझ्या खुर्चीच्या बाजूला, आरशाशेजारी टांगला आणि आण्णाला सांगितलं, "ह्याला हात लावायचा न्हाय. आणि तू आता ब्लेडच्याच दाढ्या करत जा." बोलायला कडू होतं, पण मास्तरांचा गळा डोळ्यांपुढं येत होता. आण्णानं आपल्या गिऱ्हाइकांचे वस्तरे एकेक करून माझ्या कपाटात आणून ठेवले. वाद घातला नाही. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

नवा पट्टा मी रोज तळहातानं चोळून मुरवला. तेल घातलं नाही, तेलानं पट्टा गिळगिळीत होतो, हाताचंच तेल पुरतं. आठवड्यागणिक त्याचा रंग गुळासारखा होत गेला आणि वस्तरा त्यावरून जाताना जी हलकी ओढ लागली पाहिजे ती लागू लागली. माझं मन मात्र निवत नव्हतं. घरी हातातून कप सुटला, मी कपाच्या कानाला बोल लावला. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं सकाळी बधिर असायची, मी म्हटलं स्कूटरचा दांडा धरून होतंय. एका गिऱ्हाइकाच्या कानाखाली रक्ताचा ठिपका आला, मी म्हटलं पुळी होती. आणि एक नवीनच त्रास सुरू झाला. मास्तर आले की आण्णा आपलं काम टाकून माझ्या खुर्चीमागं येऊन उभा राहायचा. आरशात मला त्याचे डोळे दिसायचे. ते माझ्या तोंडाकडं नसायचे.

"काय बघतोस?" मी एकदा खेकसलो.

"काय न्हाय. तू कर."

गणपती होऊन गेल्यावर मास्तर आले. बाहेर उघडीप होती, दुकानात आम्ही तिघंच. मास्तरांनी गळा वर करून डोळे मिटले. मी फेस लावला, डबीतून त्यांचा वस्तरा काढला, पट्टा डाव्या हातानं ताणून धरला आणि परजायला लागलो. शेवटी सवयीनं अंगठा कातड्यावरून फिरवला, आणि तो अडकला.

चीर ताजी होती. आतलं फिकट कातडं दिसत होतं. शेजारी अंगठा दाबून बघितला तर आणखी दोन जुन्या जागा लागल्या, कुणीतरी बारीक घासून सपाट केलेल्या. या पट्ट्याला माझ्याशिवाय कुणी वस्तरा लावला नव्हता. कातडं मीच निवडलेलं. पाऊस नव्हता. दोष द्यायला दुकानात काहीच उरलं नव्हतं. मी हाताकडं बघितलं. वस्तऱ्याचं टोक अगदी बारीक हलत होतं, मी घट्ट धरलं तर जास्तच हलायला लागलं.

आण्णा मागं उभा होताच.

"घासत तू होतास?" मी हळू आवाजात विचारलं.

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू ऐकला असतास व्हय? म्हणून तर हितं उभा राहतोय की."

"का रं, थांबलास का?" मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

मी वस्तरा मिटला आणि आण्णाच्या हातात दिला. द्यायला मला वेळ लागला, त्यानंही घाई केली नाही. वस्तरा उघडून त्यानं माझ्या पट्ट्याकडं न बघता आपल्या तळहातावर दोन-तीनदा परजला, माझ्या जागी उभा राहिला आणि मास्तरांच्या हनुवटीखाली बोट टेकवलं. मी भिंतीशी सरकलो. वस्तरा गळ्यावरून वर गेला, कंठाच्या घाटीवरून वळसा घेऊन कानापाशी आला, पुन्हा खाली उतरला. मी सगळा वेळ माझा उजवा हात डाव्यानं धरून ठेवला होता.

दाढी झाली. आण्णानं तुरटी फिरवली, टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि आपल्या खुर्चीकडं गेला. मास्तरांनी डोळे उघडले, आरशात बघत गळ्यावरून हात फिरवला आणि खूश होऊन माझ्याकडं वळले.

"आज लई हलका लागला रं तुझा हात."

मी टॉवेल घडी करत म्हणालो, "व्हय."